दोर कोणी सोडला नव्हता

गेल्या महिन्यात एक तरुण मुलगा पायाला प्लास्टर घालून माझ्या घरी आला. दोन मित्रांनी त्याला बगलेत धरून पायऱ्या चढवल्या. त्याला माझी सही हवी होती. कर्जतच्या पूर्वेच्या डोंगरात तो कॅमेरा घेऊन एकटाच गेला होता, घसरला आणि अख्खा दिवस एका घळीत पडून राहिला. "एकटा कशाला गेलास रे?" मी विचारलं. तर मोठ्या अभिमानाने म्हणाला, "आजोबा, तुम्ही नाही का गेलात? तुमची गोष्ट ऐकूनच गेलो."

मी सही केली. प्लास्टरवरही केली, कारण त्याने पाय पुढे केला. तो गेल्यावर मला जेवण गेलं नाही.

या मुलांचं डोंगर हिंडणाऱ्यांचं मंडळ आहे. त्यांच्या वार्षिक अंकासाठी त्यांनी माझ्याकडे लेख मागितला होता. विषय त्यांनीच दिला: रानात एकट्याने निसर्गाचे फोटो काढण्यातले धोके. मी साठ वर्षं जी गोष्ट सांगत आलो तीच त्यांना हवी होती. आग्या मोहोळ उठलं, दोर धरलेले डोंगरवाडीतले ठाकर पळून गेले आणि मी एकटा, सुजल्या हातांनी, कडा उतरून आलो, शिवाय येताना तो प्रसिद्ध फोटोही घेऊन आलो. आता ऐंशी ओलांडल्यावर लिहितो की त्या गोष्टीत मोहोळ तेवढं खरं आहे.

दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या पुढचा उन्हाळा. मी कर्जतला एका फोटो स्टुडिओत कामाला होतो. आमचं काम म्हणजे लग्नाची जोडपी, मुंजीतले बटू आणि मेलेले म्हातारे. म्हातारे बरे, हलत नसत. मालकांच्या मागे लागून मी त्यांचा जुना लाकडी कॅमेरा, तिकाटणं आणि काचेच्या दोन प्लेटा एका दिवसासाठी मागून घेतल्या. प्लेटा तेव्हा सहज मिळत नव्हत्या. मला डोंगराचा फोटो काढायचा होता. मालक म्हणाले, "डोंगराला फोटो कशाला लागतो? त्याचं लग्न ठरायचंय?" लग्न खरं तर माझं ठरायचं होतं. तिसऱ्याच दिवशी खालापूरला मुलगी पाहायला जायचं होतं. त्याआधी काहीतरी पराक्रम करावा असं माझ्या मनात होतं.

त्या कड्याचं नाव मी देत नाही. दिलं तर पुढच्या रविवारी तिथे चाळीस जण जातील.

कळंबपर्यंत एका बैलगाडीने आणि पुढे पायी असा मी गेलो. कड्याच्या पोटात एक आडवी वाट आहे, गाडीच्या चाकोरीएवढी रुंद. डोक्यावर कडा छपरासारखा पुढे आलेला आणि समोर अर्धा तालुका उघडा. मी तिकाटणं रोवलं, कॅमेरा बसवला, काळं फडकं डोक्यावर घेतलं आणि आत शिरलो.

ज्यांनी तो जुना कॅमेरा पाहिलेला नाही त्यांना सांगायला हवं. मागे एक दुधी काच असते, तिच्यावर समोरचं चित्र उमटतं, पण उलटं. आभाळ खाली, जमीन वर. वर्षभर त्यात डोकं घातलं की माणसाला ते उलटं वाटेनासं होतं. त्यात फोटोवाला डोंगराकडे कधी बघत नाही, दुधी काचेकडेच बघतो. तर त्या काचेत मला खालच्या अंगाला तीन-चार मोठे काळे, अर्धगोल धोंडे दिसले. पुढच्या बाजूला असे धोंडे असले की चित्राला वजन येतं, असं मालक सांगत. मला धोंडे फार आवडले. ते आणखी मोठे दिसावेत म्हणून मी तिकाटणं उचलून दोन पावलं पुढे सरकलो. मग आणखी दोन.

काचेत जे खाली दिसतं ते खरं तर वर असतं, हे त्या आनंदात मी विसरलो. ते धोंडे नव्हते. छपरासारख्या कड्याला लटकलेली आग्या मोहोळाची पोळी होती, आणि मी काळं फडकं पांघरून, केसांना जाईचं वासाचं तेल चोपडून, त्यांच्या बरोबर खाली येऊन उभा होतो. आग्या माशीला काळा रंग आणि उग्र वास या दोनच गोष्टींची चीड आहे, हे मला नंतर कळलं. मला गुणगुण ऐकू येत होती. मला वाटलं उन्हाने कान वाजताहेत. मी प्लेट घातली, भिंगावरचं झाकण काढलं आणि मोजायला लागलो, "एक..."

दोन म्हणायला झालं नाही.

झाकण टाकून मी पळालो. फडकं डोक्यावर तसंच, म्हणजे माश्यांना नेम धरायला सोपं. वाट अरुंद होत गेली आणि संपली. मी मात्र संपलो नाही, दीड पुरुष खाली घसरलो आणि एका ओट्याएवढ्या खडकावर, कारवीच्या वाळक्या झुडपाला मिठी मारून थांबलो. वर चढता येईना. खाली पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

किती वेळ बोंबललो ते सांगता येणार नाही. शेवटी वरून बाईचा आवाज आला. ठाकरांची बोली मला आता जशीच्या तशी आठवत नाही, म्हणून आमच्या खालच्या गावांच्या बोलीतच लिहितो.

"कोण हाय रं तिकडं?"

"मी! फोटोवाला!"

"कोण?"

"फोटोवाला! कर्जतचा!"

वर कुजबुज झाली. मग पुरुषाचा आवाज आला, "जित्ता हायस ना?" मी आहे म्हटलं. मग ओल्या पाल्याचा धूर आला, माश्या पांगल्या, आणि वरून घायपाताच्या वाखाचा जाडजूड दोर सरसरत खाली आला. माझ्या हातापासून वीतभर अंतरावर तो थांबला.

"मेव्हणा कुठाय तुझा?"

मला वाटलं माशीचं विष डोक्यात गेलं. "काय?"

"मेव्हणा रं, मेव्हणा! बायकोचा भाऊ!"

"मला बायको नाही!"

"नाय?"

पुन्हा कुजबुज. आणि दोर वर जायला लागला.

"अहो, दोर कुठे नेताय!"

त्यांची रीत अशी होती. मोहोळ काढायला जो कड्यावरून दोरावर उतरतो, त्याचा दोर त्याच्या बायकोच्या भावानेच धरायचा. दुसऱ्या कोणी धरलेल्या दोरावर माणूस लोंबकळत नाही, आणि भला माणूस दुसऱ्याचा दोर धरतही नाही. हे मला त्या माणसाने कड्यावर ओणवं होऊन, सावकाश, लहान मुलाला समजावावं तसं समजावलं. मी म्हटलं, "मी तुम्हाला भाऊ मानतो! भाऊ म्हणून धरा!"

"भाऊ काय कामाचा? भावानं सोडला तर त्याच्या जमिनीचा वाटा वाढंल. मेव्हण्यानं सोडला तर बहीण पोरं घेऊन त्याच्याच दारात येल. मेव्हणा सोडत नाय."

हे बिनतोड होतं. खाली घारी फिरत होत्या. तेवढ्यात बाईचा आवाज आला, कंटाळलेला. "आरं, मी हाय की मोकळी. लाव माझ्याशी नि काढ त्याला वर. माझ्या मोळ्या पडल्यात तिकडं."

"ए फोटोवाल्या! माझ्या बहिणीला बायको करतोस का?"

आता लिहायला लाज वाटते, पण साठ वर्षं खोटं सांगितलं, तेव्हा हेही सांगतो. त्या अवस्थेत, एक डोळा मिटलेला आणि ओठ वांग्याएवढा सुजलेला असताना, मी विचारलं, "वय काय?"

वर दोघं इतकी हसली की चार खडे माझ्या अंगावर आले.

"तुझ्या आजीएवढी हाय! करतोस, का बसतोस तिथंच?"

"करतो! करतो!"

"तीनदा बोल."

मी तीनदा बोललो. माझ्या डोक्यावर मूठभर करवंदं पडली. त्या अक्षता. लगेच दोर खाली आला, आता थेट हातात. वरून तो माणूस म्हणाला, "दाजी, काखेतून घाला नि गाठ मारा. घाबरू नगा, मी धरलाय."

'ए फोटोवाल्या'चा 'दाजी' झालो, 'अरे'चं 'अहो' झालं. त्या माणसाने एका झाडाच्या बुंध्याला एक वेढा देऊन मला दीड पुरुष वर ओढलं, आणि ओढता ओढता दोन माश्या त्याच्या मानेला डसल्या, तरी दोराला झोल पडू दिला नाही. हे मी स्वतः, उरलेल्या एका डोळ्याने, पाहिलं आहे. या लेखातलं एकच वाक्य कोणी लक्षात ठेवणार असेल तर ते हे ठेवावं.

माझी बायको सत्तरीची होती. दात दोन. कमरेच्या चंचीतून चुना काढून तिने माझ्या तोंडावर प्रत्येक डंखाला एकेक ठिपका लावला, आणि लांब होऊन पाहून म्हणाली, "नवरा बरा हाय. जरा फुगलाय."

कॅमेरा तिकाटण्यावर तसाच उभा होता. पहिली प्लेट अर्थातच उन्हाने जळाली होती. दुसरी शिल्लक होती, पण माझ्या हातांची बोटं मिटत नव्हती आणि दुधी काचेत बघायला उरलेला डोळाही आता उघडत नव्हता. मी रडवेला झालो. म्हातारी म्हणाली, "काय बघायचं असतं त्यात? मी बघते." तिच्या भावाने कॅमेरा मोहोळापासून दूर नेऊन ठेवला, आणि काळ्या फडक्याऐवजी स्वतःचा पदर डोक्यावरून काचेवर ओढून ती आत शिरली.

"अगं बया! डोंगर उलटा टांगलाय!"

मग ती बाहेर येईना. "जरा तिकडं फिरव. ते झाड नको. हां, नदी येऊ दे. आता ऱ्हाऊ दे." मी सांगत गेलो आणि तिच्या भावाने प्लेट घातली, झाकण काढलं, दोन मोजले, झाकण लावलं. दोर धरणाऱ्याचा हात, तो हलला नाही.

तो फोटो पुढे कित्येक वर्षं कर्जतच्या स्टुडिओत दर्शनी भिंतीवर लागला होता. खाली माझं नाव होतं. कोणी म्हणे असा डोंगर कोणी पाहिला नाही, कोणी म्हणे याला नजर आहे. नजर त्या म्हातारीची होती, हात तिच्या भावाचा होता, माझा त्यात फक्त कॅमेरा, आणि तोही मालकांचा.

निघताना मी विचारलं, आता या लग्नाचं काय? ती म्हणाली, "मोडू की. काडी मोडली की झाला काडीमोड. पण आधी तो फोटो घेऊन ये. तंवर तू माझा धनी." आणि तोंडाला पदर लावून हसली.

तिसऱ्या दिवशी मी खालापूरला गेलो. तोंड भोपळ्यासारखं, त्यावर पांढऱ्या ठिपक्यांचे डाग. मुलीचे वडील कचेरीत कारकून होते. त्यांनी मला बघून दाराबाहेर पाहिलं, खरा मुलगा मागून येतोय की काय म्हणून. पोहे आले. मला चावता येईनात. वडिलांनी विचारलं, "हे काय झालं?" मी सांगायला लागलो आणि आतल्या दाराआड बांगड्या वाजल्या, म्हणजे मुलगी ऐकत होती. मग मी जरा रंगात आलो. कडा थोडा उंच झाला.

"आणि मदतीला कोणीच नव्हतं?" वडिलांनी विचारलं.

इथे मला खरं बोलता आलं असतं. पण खरं सांगायचं तर दोर सांगावा लागणार, दोर सांगायचा तर मेव्हणा सांगावा लागणार, आणि मेव्हणा आला की बायको आलीच. मुलगी पाहायला गेलेल्या माणसाने, परवाच माझं लग्न झालं, असं कसं सांगावं? माझ्या तोंडून निघून गेलं, "होते दोन ठाकर. दोर धरला होता. पण मोहोळ उठलं तसा सोडून पळाले."

दाराआड कोणीतरी "अगं बाई!" म्हणालं. लग्न जमलं. या एका वाक्यावर माझा संसार उभा राहिला, आणि चांगला झाला हो, तक्रार नाही.

पण सासऱ्यांनी ती गोष्ट कचेरीत सांगितली. कचेरीत जंगलाचा ठेकेदार बसला होता. तो मध आणि हिरडा घेत वाड्यावाड्यांतून हिंडायचा. गोष्ट माझ्याआधी डोंगरावर पोचली.

मला ते दीड वर्षाने कळलं, कळंबच्या बाजारात. एका व्यापाऱ्याने कारवीच्या काठ्या विकायला बसलेल्या माणसाला मोठ्याने विचारलं, "काय रं, गिऱ्हाईकाला धरून ठेवशील, का सोडून पळशील?" सगळे हसले. त्या माणसाने मान वर केली नाही. मानेवर माशीच्या डंखांचे दोन जुने वण होते. मी मडकी विकणाऱ्या बाईच्या मडक्यांच्या उतरंडीमागे लपलो. ती म्हणाली, "घ्यायचं नसंल तर सावलीत उभं ऱ्हाऊ नगा."

पुढच्या आठवड्यात फोटोची प्रत घेऊन मी वाडीवर गेलो. एकटाच, पण या वेळी डोक्याला तेल नव्हतं. म्हातारी अंगणात बसली होती. ओरडली, "आला गं बाई माझा धनी! तोंड उतरलं वाटतं!" तिचा भाऊ घरातून आला, "दाजी" म्हणाला, पाण्याचा तांब्या ठेवला आणि बाजूला बसला.

मी फोटो दिला. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने तो उलटा फिरवला. आभाळ खाली, डोंगर वर.

"असा होता," ती म्हणाली. "तू सुलटा कशाला केलास?"

आणि उठून कुडाच्या भिंतीला तसाच, उलटा, खोचून टाकला. तिला ठाऊक होतं तेच तिने लावलं. मी मात्र ठाऊक असलेलं फिरवून सांगितलं होतं.

मी चाचरत विचारलं, यंदा मध कसा झाला? भाऊ जमिनीकडे बघत म्हणाला, "यंदा मी दोर वळला नाय." त्याच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने दुसऱ्याच्या दोराला हात घातला होता. चुलत मेव्हण्याच्या. वाडीत असं पूर्वी झालं नव्हतं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्याने ताक आणून दिलं.

मी म्हटलं, चूक झाली. बाजारात सगळ्यांदेखत सांगतो. म्हातारीने छपरातून कारवीची एक वाळकी काडी ओढली, हातभर लांब, आणि माझ्या हातात दिली. मी मोडायला गेलो तर तिने मनगट धरलं.

"आता नाय. तू खरं सांगशील तवा मोडायची. तंवर लगीन हाय."

पुढच्या बाजाराला मी गेलो. खरं सांगायलाच गेलो होतो. व्यापारी होता, ठेकेदारही होता, लोक होते. मी घसा खाकरला. ठेकेदार म्हणाला, "काय पाव्हणं?" मी म्हटलं, "कांदे कसे दिले?" पाच शेर कांदे घेऊन घरी आलो. घरात बायको म्हणाली, कांदे होते की.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. एके दुपारी स्टुडिओच्या दारात म्हातारीचा भाऊ उभा होता. मी एका जोडप्याला हनुवटी वर करायला सांगत होतो. त्याने पायताण बाहेर काढलं, आत आला नाही. म्हणाला, "दाजी, बाई गेली. अंघोळ करा." एवढंच सांगायला तो सहा कोस चालत आला होता. नवऱ्याला कळवायला पाहिजे, अशी रीत. मी त्याला जेवून जा म्हटलं. तो म्हणाला, सुतक हाय. ते जोडपं हनुवट्या वर करून तसंच बसलं होतं.

घरी जाऊन मी डोक्यावरून पाणी घेतलं. बायकोने विचारलं, भर दुपारी? मी म्हटलं, उकडतंय. बाहेर पाऊस पडत होता.

काडी मी टेबलाच्या खणात ठेवली. बायकोला ती सापडली आणि परकराच्या नाड्या ओवायला ती तिला फार सोयीची वाटली. पन्नास वर्षं आमच्या घरातली प्रत्येक नाडी माझ्या पहिल्या बायकोच्या काडीने ओवली. कितीदा वाटलं, आज हिला सांगावं. ती काडी हातात घेऊन बसलेली असायची आणि मला धीर व्हायचा नाही. दोन वर्षांपूर्वी तीही गेली, तोच कडा, तेच पळपुटे ठाकर मनात घेऊन. हे माझ्या अंगावर राहील, त्याला मोडायला काडी नाही.

तर मुलांनो, तुम्ही धोके विचारलेत. आग्या मोहोळ आहे, कड्यातली निसरडी वाट आहे, उलटी काच आता राहिली नाही. पण सगळ्यात मोठा धोका असा की एकटं गेलं की परत येऊन काय सांगायचं ते एकट्याच्याच हातात राहतं. मी एकटा परत आलो नव्हतो. मला ओढून काढलं होतं, आणि ज्याने ओढलं त्याचा दोर मी तोडला.

हा अंक छापून आला की मला त्या वाडीवर जायचं आहे. त्याची नातवंडं तिथे आहेत, मी चौकशी केली. त्यांच्या अंगणात बसून हे सगळं मोठ्याने वाचीन आणि मग काडी मोडीन. माझे गुडघे चढणार नाहीत, कोणीतरी हात धरायला हवा. प्लास्टरवाला मुलगा म्हणाला मी येतो, पण त्याचाच हात कोणीतरी धरलेला असतो.

म्हणून काल माझ्या सख्ख्या मेव्हण्याला बोलावलं. बायकोचा धाकटा भाऊ, वय बहात्तर, खालापूरलाच असतो. पोहे खायच्या दिवशी तो दाराआड बहिणीजवळ उभा होता. त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. चहा गार झाला. मला वाटलं, आता उठून जाईल.

मग त्याने विचारलं, "म्हणजे, इतकी वर्षं मी तुमचा दुसरा मेव्हणा?"

मी म्हटलं, "हो."

"पहिल्याने धरला होता ना नीट?"

"धरला होता."

तो काठी टेकत उठला आणि म्हणाला, "मग मलाही धरावाच लागणार. कधी निघायचं, दाजी?"